पिवळी टेकडी, मीनाक्षीकडे

माझी तान्ही निधी कार सीटमध्ये झोपली की मला साधारण चाळीस मिनिटं मिळतात. चाळीस मिनिटांत एक घर, असं मी ठरवलं होतं. बाबांची चित्रं परत गोळा करायची होती.

"मीनाक्षीकडे पिवळी टेकडी," बाबा सांगायचे. "शंतनूकडे ओकची दोन झाडं, निळ्या सावलीची. कृष्णाकडे पाऊस पडून गेल्यावरचा हायवे." कागद नाही, फोटो नाही. सगळं तोंडपाठ.

अठ्ठावीस वर्षं बाबा कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या आसपासच्या टेकड्या काढत आले आणि एकही चित्र विकलं नाही. आई इथे नोकरीवर आली, बाबा तिच्या व्हिसावर. त्या व्हिसावर काम करायला बंदी, आणि चित्र विकणं हेही कामच. मग कोणाची वास्तुशांत असली की बाबा एक चित्र ब्राउन पेपरमध्ये गुंडाळायचे, वर सुतळी बांधायचे आणि घेऊन जायचे. पुढे ग्रीन कार्ड आलं. पण तोवर गुरुनाथची चित्रं भेट मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. विकत मागायचं कोणाला सुचलं नाही, आणि बाबांच्या तोंडून ते कधी निघालं नाही.

मार्चमध्ये लॉराने घरात उरलेली चार चित्रं पाहिली. आमच्या लायब्ररीतली प्रदर्शनाची खोली ती सांभाळते. सावली जांभळी का, झाडांना निळी किनार का, असं तिने विचारलं नाही. डोळ्याला दिसतं तसं न काढता मनात उरतं तसं काढणारे ते पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, तुमचे बाबा त्यांच्या वाटेवरचे आहेत, म्हणाली. जूनमध्ये भिंती रिकाम्या आहेत. मेअखेरपर्यंत किमान पंधरा चित्रं आणा.

बाबांना ग्लॉकोमा आहे. जे दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं, तेही धूसर. नळी बारीक होत चाललीये.

"सगळी एका ठिकाणी कधी पाहिलीच नाहीत गं," ते म्हणाले. "एकदा बघून घेतो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

एवढंच हवं होतं त्यांना.

शंतनूकाका फोनवरच म्हणाले, "अगं, घर विकलं ना आम्ही! विकण्याआधी घर सजवायला आलेली बाई, तिने सगळं उतरवलं. गराजमध्ये होतं, मग... गुरूला सांगू नकोस हं यार, वाईट वाटेल त्याला." एक कुटुंब टेक्ससमध्ये अर्विंगला गेलं, चित्र सामानात बसलं नाही. आणखी एका दारात त्या घरची मुलगी नैना उभी होती. "ओह, दॅट वन? आय थिंक मॉम गेव्ह इट टू समबडी." कोणाला, ते मॉमलाही आठवेना. एका घरी मिळालं, ते बाथरूममध्ये. "तिथे एकदम सूट होतं!" वाफेने रंगाला फोड आले होते. तेही मी घेतलं.

प्रत्येक वेळी घरी आले की बाबा दारातच विचारत, "मिळालं?"

आई कणीक मळता मळता म्हणायची, "मी तेव्हाच सांगत होते, मिक्सर द्या. मिक्सर लोक जपून ठेवतात."

मीनाक्षीकाकूंनी मात्र चित्र पुसून, पदराआड धरावं तसं धरून दारात आणून दिलं. निधीसाठी लाडूंचा डबाही दिला. "रोज बघते गं मी हे. सकाळचा चहा याच्यासमोर. प्रदर्शन झालं की परत आणून देशील ना? भिंत ओकी ओकी दिसेल." गाडीत बसल्यावर मला रडू आलं. म्हटलं, एका तरी घरी बाबा खरे राहिले.

बाबांनी ते मांडीवर घेतलं. ते रंग सुरीने थापतात, त्यांची टेकडी हाताला टेकडीसारखीच लागते. त्यांनी अंगठा कॅनव्हासवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं. छापील होतं. दुकानात मिळतं तसं, पिवळ्या टेकडीचं. कधी कोणत्या घरबदलात अदलाबदल झाली कोण जाणे. काकू बिचाऱ्या मनापासून त्याच्याकडे बघत चहा पीत होत्या. आणि मी? बाबा ती टेकडी काढत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलेली, आठ वर्षांची. हातात धरून, गाडीत ठेवून, रडून घरी आणलं, तरी मला कळलं नव्हतं.

"फ्रेम चांगली आहे," बाबा म्हणाले. "मीनाक्षीला काही बोलू नकोस."

त्यानंतर त्यांनी दारात विचारणं सोडलं.

शेवटचं घर कृष्णाकाकांचं. त्यांनी क्लॉझेटच्या तळातून पार्सल ओढून काढलं. ब्राउन पेपर, सुतळी, वर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. "बघ, कसं नव्यासारखं ठेवलंय!" काका खरंच खूश होते. "चांगल्या भिंतीची वाट बघत होतो. आता रिटायरमेंटनंतर लावणारच होतो." वीस वर्षं झाली होती.

घरची चार, बाथरूममधलं एक, हे एक. सहा. लॉराला मी कळवलं. तिने बाबांनाच फोन केला, "आय ॲम सो सॉरी, गुरुनाथ." पुढच्या वर्षी बघू म्हणाली. बाबा "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" म्हणत राहिले. जूनमध्ये तिथे गोधड्यांचं प्रदर्शन आहे.

पार्सल त्यांच्या मांडीवर होतं. बोटांनी ते सुतळी चाचपत होते. "ही माझीच गाठ."

मी कात्री आणली.

"उघडू नकोस."

"बाबा, निदान हे एक तरी बघा. उजेडात धरते मी."

"हायवे होता ना? पाऊस पडून गेल्यावरचा." त्यांनी सुतळी पुन्हा चाचपली. "बहुतेक. रविवारी प्रथमेशकडे वास्तुशांत आहे ना?"

"नको बाबा."

"रिकाम्या हाताने कसं जायचं?"

आईचा लाटण्याचा आवाज थांबला. "मी मिक्सर आणलाय," ती म्हणाली. पण टोमणा नव्हता त्यात, नुसतीच म्हणाली.

"तोही देऊ," बाबा म्हणाले.

चिठ्ठी मी नखाने हळूहळू सोडवली. खालचा कागद तेवढ्या चौकोनात अजून गडद होता. त्यावर मी प्रथमेशचं नाव लिहिलं. बाबांनी सही करायला पेन मागितलं, आणि मी त्यांचा हात धरून योग्य जागी ठेवला.

रविवारी भेटींच्या टेबलापाशी निधी माझ्या कडेवर होती. पार्सल ठेवायला वाकले तर तिने सुतळी घट्ट धरली. तिची मूठ सोडवताना मागे कोणीतरी विचारत होतं, "काय, गुरुनाथकाका, नवीन काय काढलंत?"

"सध्या काही नाही," बाबा म्हणाले.