अनाईसच्या नावातली खिडकी

मासेमारी मंडळाच्या मंगळवारच्या सभेत नोएली दुफूर उभी राहिली आणि म्हणाली, "दोन तासांचं काम आहे." त्या क्षणी आपल्या तोंडात खिमा भरलेल्या तुर्तिएरचा मोठा घास असता तर फार बरं झालं असतं, असं तिला पुढचे तीन दिवस वाटत राहिलं.

काम पाट्यांचं होतं. ला बे गावापुढचा फ्योर्ड, म्हणजे समुद्राची अरुंद खाडी, गोठला की मासेमारीची तीनशे चाळीस खोपटी बर्फावर ओढून नेतात. प्रत्येक खोपटाच्या दारावर त्याचं नाव आणि जागेचा क्रमांक कोरलेली पाटी हवी, दर वर्षी नवी. धुकं उतरलं किंवा बर्फाला तडा गेला, तर बचावपथक पाट्या वाचत माणसं शोधतं. म्हणून पाटी नाही तर खोपटं बर्फावर नाही, असा मंडळाचा नियम. पाट्या कोरणाऱ्या यंत्राला नावं पुरवणारा प्रोग्राम सोळा वर्षांपूर्वी रेजाँ पोत्वँने जावा या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. तो ज्या संगणकावर चालायचा, त्याने नाताळात प्राण सोडला. नवा संगणक आला, त्यावर नवी जावा आली, आणि जुनी जावा चढवायची नाही अशी विमावाल्यांची अट आली.

नोएली तेवीस वर्षांची. भौतिकशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली आणि मंडळात दोन महिन्यांची हंगामी नोकरी. शनिवारी सकाळी आठला फ्योर्ड उघडायचा होता. शुक्रवारी पाचपर्यंत पाट्या झाल्या नाहीत, तर सगळंच आठवडाभर पुढे जाणार होतं.

"पोरी," मंडळाच्या सचिव युगेत माल्ते सभा संपल्यावर म्हणाल्या, "माझ्या आठवणीत फ्योर्ड दोनदाच उशिरा उघडला. दोन्ही वेळा पाऊस पडला होता. तिसऱ्यांदा तुझं नाव पडलं, तर तू नव्वद वर्षांची होशील तेव्हाही लोक तुला फ्योर्ड बंद पाडणारी पोरगी म्हणतील. इथे ते विसरायला लावणारं दुसरं काही घडतच नाही."

बुधवारी प्रोग्राम पहिल्याच झटक्यात सुरू झाला. नोएलीने शीळ घातली. यंत्राने खडखडत पहिली पाटी बाहेर टाकली. त्यावर 'शे लेओन्स', म्हणजे 'लेओन्सकडे', हवं होतं. त्यातल्या ज्या É च्या डोक्यावर छोटी तिरपी टोपी असते, त्याच्या जागी मिशी डोक्यावर चढलेला एक A उभा होता, आणि त्याच्या शेजारी टक्क्याचं चिन्ह, त्याला एक शून्य जास्तीचं फुटलेलं.

युगेतनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे लेओन्सचं नाव आहे की औषधाची चिठ्ठी?"

साधी नावं ठीक होती. टोपीवाल्या अक्षरांची सगळी बिघडली होती. नोएलीने मोजली, दोनशे अकरा.

यात तिला अनोळखी काही नव्हतं. संगणक अक्षरं ठेवत नाही, आकडे ठेवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे एका कोष्टकात लिहिलेलं असतं, आणि अशी कोष्टकं एकाहून जास्त आहेत. कोणतं वापरायचं ते सांगितलं नाही, तर जुनी जावा ज्या संगणकावर बसेल त्याचं कोष्टक घ्यायची. इथे विंडोजचं जुनं. नवी जावा सगळीकडे एकच नवं कोष्टक घेते. कुठेतरी न सांगता राहिलं असेल, ते सांगून टाकायचं. दोन तास.

तिने प्रोग्राम उघडला. नावांची यादी नव्या कोष्टकात होती, हे तिने आकडे पाहून पक्कं केलं. पण रेजाँची यादी वाचणारी ओळ स्पष्टच म्हणत होती, की जुन्या कोष्टकाने वाचा. ओळ सरळसरळ चूक होती. आणि तिच्या डोक्यावर लिहिलं होतं: 'इथे हात लावू नये. रे. पो.'

"त्या ओळीला हात लावलास?" युगेतनी दारातूनच विचारलं.

"अजून नाही."

"लावू नकोस. दोन हजार तेरात ल्युकने लावला होता. साठ पाट्यांवर नुसते चौकोन आले. तो आता तिकडे लांब रिमूस्कीला राहतो."

"नोकरीमुळे?"

"लाजेने."

जादा कोरे पत्रे नऊच होते, आणि यंत्राला पडदा नव्हता. काय समजलं, ते त्याने कोरल्यावरच कळायचं. गुरुवारी नोएलीने धीर करून ती ओळ सुधारली. यंत्र तिच्यापेक्षा फार लहान नव्हतं, तेव्हा त्याला जुनंच कोष्टक कळत असणार, असं धरून बाहेर जाणारी नावं तिने जुन्या कोष्टकात लिहिली. पाटीवर चौकोन आले, थेट ल्युकसारखे. तिने घाईघाईने ओळ पूर्ववत केली आणि यंत्राला आणखी जुनी, धूळ खात पडलेली कोष्टकं देऊन पाहिली. शुक्रवारी सकाळी एकच जादा पत्रा उरला होता, आणि युगेत फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "नाही नाही, हुशार आहे, पण..."

अकरा वाजता नोएली रेजाँच्या घरी गेली. सगळं गाव त्याला मोनोंक, म्हणजे काका, म्हणे; तो खरा काका कुणाचाच नव्हता. अंगणात त्याचं निळं खोपटं घसरपट्ट्यांवर तयार उभं होतं आणि तो पट्ट्यांना मेण लावत होता.

"मोनोंक, ती ओळ तुम्ही का लिहिलीत?"

"ती? ते तंत्र आहे, पोरी."

"कसलं तंत्र?"

"तंत्र म्हणजे तंत्र. तुर्तिएरचं पीठ थंड हाताने का मळतात, हे विचारतं का कुणी?"

"लोणी वितळू नये म्हणून."

रेजाँने मेणाची वडी खाली ठेवली. "घरी तुझा फार त्रास होत असेल."

तेवढ्यात नोएलीचं लक्ष दाराकडे गेलं. सोळा वर्षांच्या सोळा पाट्या एकाखाली एक ठोकलेल्या होत्या. सगळ्या सारख्या: आधी ANA, मग एक रिकामा चौकोन, मग प्रश्नचिन्ह, मग S.

"हे काय?"

"ते माझं नाव," मागून आवाज आला. रेजाँची बायको अनाईस चटई झटकायला बाहेर आली होती. "नवऱ्याने त्याला खिडकी बसवून दिली आहे. खिडकीबाहेर माणूसही उभा केलाय, आत कोण आहे विचारायला."

"कारागिराने स्वतःची वस्तू पूर्ण बरोबर करू नये," रेजाँ म्हणाला. "जुनी रीत आहे."

"तुझ्या आईने तुझ्यावर पाळली, ती?"

नोएली हसली नाही. ती पाट्यांजवळ गेली. "मोनोंक, अशी खिडकी दुसऱ्या कुणाच्या पाटीवर आली?"

"कधीच नाही."

"लेओन्सच्या?"

"ठणठणीत."

"आणि हिच्यासारखा दोन ठिपक्यांचा मोठा Ï दुसऱ्या कुणाच्या नावात होता?"

रेजाँने टोपीखाली डोकं खाजवलं. "नाही. तो फक्त हिच्यात."

नोएली बर्फातच घसरपट्टीवर बसली आणि पेन्सिलीने खोपटाच्या फळीवर आकडे लिहू लागली. नव्या कोष्टकात टोपीवालं अक्षर दोन आकड्यांनी लिहितात. É म्हणजे १९५ आणि १३७. Ï म्हणजे १९५ आणि १४३. जुन्या कोष्टकात दोनशे छप्पन्न घरं, त्यांपैकी पाच रिकामी. १३७च्या घरात ते जास्तीच्या शून्याचं चिन्ह राहतं. १४३च्या घरात कुणीच राहत नाही.

"रिकामं!" ती एवढ्याने ओरडली की शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं. "मोनोंक, तुमचा हातमोजा द्या."

त्याने दिला. तिने तो उलटा केला. "यादी नव्या कोष्टकातली, तुम्ही ती जुन्याने वाचलीत. मोजा उलटा झाला." मग पुन्हा उलटा केला. "बाहेर पाठवताना जुन्या जावाने आपणहून जुन्यानेच लिहिली. पुन्हा उलटा. म्हणजे सुलट! यंत्रापर्यंत जसेच्या तसे आकडे गेले. म्हणजे यंत्राला पहिल्यापासून नवंच कोष्टक येतंय, आणि मी मात्र त्याला म्हातारं समजून बसले. फक्त या एका अक्षराचा आकडा उलटताना रिकाम्या घरात पडला आणि हरवला."

"आणि नवी जावा?"

"ती दुसऱ्यांदा उलटत नाही. ल्युकने पहिल्यांदा उलटणं बंद केलं होतं. एकदाच उलटला, तर मोजा उलटाच राहणार ना?"

रेजाँने मोजा हातात घेतला, आतून पाहिला, बाहेरून पाहिला. अनाईस आत गेली आहे याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? त्या जानेवारीत मी एकतीस प्रकार करून पाहिले. एकतिसावा चालला. का चालला, ते मी विचारलं नाही. इंजिन सुरू असताना बोनेट कोण उघडतं?"

"मग ते तंत्र?"

"सोळा वर्षं लोक विचारायचे. काहीतरी सांगावं लागतं. युगेतला मात्र..."

"चला," नोएली म्हणाली.

मंडळाच्या शेडमध्ये, यंत्रापाशी, तिने दोन ओळी बदलल्या. वाचताना नवं कोष्टक, लिहिताना नवं कोष्टक, दोन्ही ठिकाणी नाव घेऊन सांगितलेलं, म्हणजे कोणतीही जावा आली तरी स्वतःच्या मनाचं करणार नाही. मग शेवटचा जादा पत्रा यंत्रात सरकवला. युगेतनी डोळे मिटले. रेजाँने टोपी काढली, जणू चर्चमध्ये आला होता.

यंत्र खडखडलं. A, N, A. मग एक सरळ उभी रेघ, आणि तिच्या डोक्यावर टोक टोक करून दोन ठिपके.

"तबर्नाक!" रेजाँने शिवी पुटपुटली आणि युगेतनी डोळे न उघडताच त्याला कोपर मारलं.

दर अर्ध्या मिनिटाला एक अशा पाट्या पडत गेल्या. रेजाँ पत्रे लावत होता, नोएली काढत होती, युगेत यादीवर खुणा करत होत्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटची पाटी पडली.

"एवढं सांग," युगेत म्हणाल्या, "मग रेजाँची ती ओळ चूकच होती ना?"

रेजाँ एकाएकी कोऱ्या पत्र्यांच्या रिकाम्या खोक्यात काहीतरी शोधू लागला.

"जुन्या जावावर ती अगदी बरोबर बसत होती," नोएली म्हणाली. "तिच्याशिवाय टोपीवाल्या नावाची एकही पाटी वाचता आली नसती. ल्युकला विचारा."

हे शब्दशः खरं होतं. रेजाँ खोक्यातून ताठ होऊन बाहेर आला.

निघण्यापूर्वी नोएलीने जुनी सूचना पुसली. तिथे लिहिलं: 'हात लावायला हरकत नाही. हे का चालतं, ते खाली दिलं आहे.' खाली सात ओळी लिहिल्या. रेजाँने त्या दोनदा वाचल्या आणि शेवटी आपलीही आद्याक्षरं घालायला लावली.

शनिवारी सकाळी आठला फ्योर्ड उघडला. नवी पाटी मिरवत निळं खोपटं बर्फाच्या कडेला पोचलं, तेव्हा अनाईस थर्मास घेऊन तिथे उभी होती. तिने पाटी वाचली, मोज्यातलं बोट काढून दोन्ही ठिपक्यांवरून फिरवलं, आणि वळून नोएलीच्या कपात पहिली कॉफी ओतली.

"आणि मला?" रेजाँने विचारलं.

"तुला सोळा वर्षांनी," अनाईस म्हणाली, पण कप तिने दोन आणले होते.