बंगल्याची किल्ली

माझ्या गाडीला गल्लीत 'बाईचा बंगला' म्हणतात. म्हणोत बापडे. आत दोन पलंग आहेत, शेगडी आहे, संडास आहे, आणि खऱ्या बंगल्याला जे जन्मात जमणार नाही ते हिला जमतं: ही चालते. बावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त होताना जे हाती आलं ते सगळं ह्या कॅम्परमध्ये घातलं. तेव्हा माझ्या धाकट्या भावाने कपाळाला हात लावला होता. पुढे मी ती लोकांना वापरायला द्यायला लागले, तेव्हा त्याने दुसराही हात लावला.

हो, देते. उभी गाडी गंजते, आणि मी काही बारा महिने फिरत नाही. भाडं घेत नाही. डिझेल भरून आणा आणि संडासाची टाकी रिकामी करून आणा, एवढंच सांगते. आधी फक्त ओळखीच्यांना द्यायचे. त्यातच माझे डोळे उघडले. ओळखीचा माणूस किल्ली घेताना म्हणतो, 'आपलीच गाडी आहे', आणि टाकी तशीच तुडुंब ठेवून परत आणतो. एका मैत्रिणीने माझ्या गादीवर कलिंगड कापलं आणि वर मलाच सांगितलं, डाग जातो गं. परका माणूस मात्र दहादा विचारतो आणि पाय पुसून आत चढतो. मग मी परक्यांनाही द्यायला लागले आणि नातेवाइकांच्या पोटात दुखायला लागलं.

दोन महिन्यांपूर्वी भाऊ गाडी घेऊन गेला होता. स्टीअरिंगच्या वर मी चिठ्ठी लावली होती: 'उंची दोन मीटर नव्वद. वर बघा.' ट्रकसारखं दिसतं म्हणून त्याने ती काढून टाकली. मग वर न बघता कुठल्याशा कमानीखाली गाडी घातली आणि छतावरच्या खिडकीचं झाकण फोडलं. त्यावर चिकटपट्टी मारून त्याने गाडी माझ्या दारात लावली, माझ्याकडे दोन कप चहा प्यायला आणि चकार शब्द न काढता घरी गेला. मी गाडी धुवायला काढली तेव्हा पाणी थेट माझ्या डोक्यावर आलं. मी नवं झाकण बसवलं, नवी चिठ्ठी लावली आणि गप्प बसले. आईमागे मीच त्याला वाढवलंय. त्याच्याशी भांडले की मलाच दोन दिवस जेवण जात नाही.

शनिवारी सकाळी दहाला एक गवंडी किल्ली न्यायला येणार होता. पलीकडच्या शाळेची भिंत तो बांधत होता. जाता-येता गाडीकडे बघायचा, आणि एक दिवस बायकोला घेऊन विचारायलाच आला, डोंगराकडे न्यायला मिळेल का. मी हो म्हटलं होतं. नऊ वाजता भाऊ उगवला. त्याने माझी गाडी परस्पर त्याच्या साहेबांना कबूल केली होती. साहेबांनाही कुटुंबासह डोंगराकडेच जायचं होतं आणि ह्याची बढती त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, गाडी दिलेली आहे. कोणाला, हे कळल्यावर तो आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं.

"रक्ताच्या माणसाला नाही आणि रस्त्यावरच्याला किल्ली?" तो म्हणाला. "ताई, आज त्याला दिलीस तर ह्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही."

तो हे नुसतं म्हणत नाही. एकदा काकांशी अबोला धरला तो काका जाईपर्यंत. मला त्याच्याशिवाय माझं म्हणावं असं कोणी नाही.

तेवढ्यात गवंडी आला, बरोबर बायको. त्याने पहिलं काय विचारलं, तर उंची किती. आमच्या गोतावळ्यात आजवर कोणी विचारली नव्हती. मी ऐटीत चिठ्ठी दाखवली. त्याने ती नीट वाचली आणि खिशातून मोजपट्टी काढली. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू? पायरीवर उभा भाऊ मात्र खुलला. घे, आता तुझीच परीक्षा, म्हणाला.

गवंडी ओशाळला. "तुमच्यावर संशय नाही, बाई. पण दुसऱ्याच्या मापावर मी वीट ठेवत नाही. सवय आहे."

मागच्या शिडीवरून तो वर चढला, झाकणावर फळी आडवी धरली आणि पट्टी खाली सोडली. बायकोने जमिनीशी वाकून आकडा वाचला.

"तीनशे चार."

मी म्हटलं, पुन्हा वाच. मग मी स्वतः वाकले. तीनशे चारच होतं, तीन मीटरच्या वर चार सेंटीमीटर. नवं झाकण जुन्यापेक्षा बरंच उंच आहे, असं मेकॅनिक म्हणाला होता, आणि मी हो हो करत जुनाच आकडा नव्या चिठ्ठीवर उतरवला होता. आपलीच गाडी ना! डोंगराच्या रस्त्यावर रेल्वेचा पूल आहे आणि त्याच्यावर पाटी आहे, तीन मीटर.

"बघ, तूही चुकलीस," भाऊ म्हणाला.

चुकले, मी म्हटलं. आणि तुझ्या साहेबांना दिली असती, तर ती चूक पुलाखाली कळली असती. मी चिठ्ठी फाडली. नवीन लिहिली, आकडा चांगला ठसठशीत काढला. मग भावाच्या डोळ्यांदेखत किल्ली गवंड्याच्या हातावर ठेवली आणि त्याला दुसरा, लांबचा रस्ता समजावून सांगितला.

भाऊ पायरी उतरला. त्याची पाठ बघून मला रडू आलं, पण किल्ली परत मागावी असं एकदाही वाटलं नाही. तो फाटकाशी पोचला तेव्हा मी हाक मारली.

"पायरी चढायची की नाही ते तुझं तू ठरव. पण किल्ली हवी असेल तेव्हा येताना पट्टी घेऊन ये. चिकटपट्टी नाही, मोजपट्टी."

तो थबकला. माझ्याकडे काही त्याने बघितलं नाही. त्याने मान उचलून गाडीच्या छताकडे बघितलं.