शेवटचं रीळ

आशाबाईंनी नवऱ्याचा हात धरून खुर्चीच्या पाठीवर टेकवला.

"बसा. पुढं दोनच रांगा हायेत."

खुशालराव चाचपडत बसले. काचबिंदूनं दोन्ही डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. सिनेमाला यायला त्यांनी साफ नकार दिला होता, पण वाचनालय चालवणारी अपेक्षा नावाची मुलगी ऐकेना. तिनं अकोल्यातल्या त्यांच्या वस्तीत मराठी सिनेमांचा आठवडा भरवला होता. रोज सकाळी समाजमंदिरात एक सिनेमा.

"काका, हा सिनेमा आपल्या वऱ्हाडातच काढलेला. अन् अकोल्यात तो तुमीच दाखवला. तुमच्याबिगर कसा लावू?" ती म्हणाली होती.

टॉकीजच्या मशीनघरात प्रोजेक्टर चालवण्यात खुशालरावांचं अर्धं आयुष्य गेलं. हा सिनेमा चौदा आठवडे चालला होता, रोजचे चार खेळ. आशाबाईंनी मात्र तो आजवर पाहिला नव्हता.

"सांगत राय मले," दिवे गेल्याची कुजबूज ऐकून ते म्हणाले.

"बाई कापूस वेचून रायली. लुगडं हिरवं हाय. नाही, मोरपंखी."

"मावशी, हळू जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्यायले दिसत नाही," दुसऱ्यानं त्याला दटावलं.

पडद्यावरची माणसं घरच्यासारखी बोलत होती. लोक खळखळून हसत होते, आणि आशाबाई हसता हसता सांगत होत्या. नवराबायकोचं भांडण आलं तसा त्यांचा आवाज बारीक झाला. बाई पिशवी भरून माहेरच्या वाटेला लागली. नवरा ओसरीवर तसाच बसून राहिला.

खुशालराव खुर्चीत सावरून बसले. हा सिनेमा लागला त्याच साली आशाबाई रागानं चांदूर बाजारला माहेरी निघून गेल्या होत्या. तीन महिने. आणायला जा, असं खुशालरावांच्या आईनं हजारदा सांगितलं. खेळ हाऊसफुल्ल आहेत, सुट्टी कशी मिळेल, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी एका दुपारी त्या आपणच परत आल्या. ते आणायला का आले नाहीत, हे आशाबाईंनी विचारलं नाही. खुशालरावांनीही सांगितलं नाही.

शेवटच्या रिळात संवाद नव्हते. नुसता वारा, आणि दुरून येणारी एसटी. खुशालरावांना एकेक चौकट पाठ होती. बाई फाट्यावर उभी राहते, मागं वळून वळून पाहते, रस्ता रिकामाच राहतो. ती एकटीच गाडीत चढते.

आशाबाई गप्प झाल्या होत्या.

"काय दिसून रायलं?" खुशालरावांनी विचारलं.

"उभी हाय फाट्यावर."

"मंग?"

एसटीचा ब्रेक करकरला. दार आपटलं.

"आला तो," आशाबाई म्हणाल्या. "धावत-पयतच आला. तिच्या हातातली पिशवी घेतली त्यानं."

सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. गाडीची घरघर लांब लांब जात विरली.

"उशीर केला लेकाच्यानं," खुशालराव म्हणाले.



"लय," आशाबाई म्हणाल्या.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत उठू लागले, खुर्च्या सरकल्या. अपेक्षा माईक घेऊन त्यांच्याकडे येत होती. खुशालरावांनी हात पुढं करून आशाबाईंचा हात शोधला, आणि तो सापडल्यावरही सोडला नाही.