पाठ न होणारं उत्तर

खाणावळवाल्या दोमिंगासने वेसेलच्या पुढ्यातली भाताची थाळी ओढून घेतली.

"आधी उत्तर, मग भात."

"मावशी, मासा गार होतोय."

"होऊ दे. माझं डोकं गरम आहे तेवढं पुरे! मेल्यावर माणसाच्या आत्म्याचं काय होतं? बोल."

वेसेल छपराकडे बघत दोन शब्द बोलला, अडखळला आणि ओशाळं हसला. दोमिंगासला वाटलं, याचाच हातोडा घ्यावा आणि याच्याच टाळक्यात घालावा. हॉलंडात जन्मलेला, जहाजांवर सुतारकी करणारा बाप्या! तिथे शेंबड्या पोरांनाही ही धर्माची प्रश्नोत्तरं तोंडपाठ असतात म्हणे, आणि हा इथे जावा बेटावर, बटाव्हियात येऊन कोरी पाटी. उलट ही त्याची होणारी बायको, न्योमन. बालीहून गुलाम म्हणून विकायला आणलेली, मालकिणीने मरताना मोकळी केलेली. डच बोलताना अजून ठेचकाळते, पण कांदा चिरता चिरता सगळी उत्तरं घडाघडा म्हणते.

पाद्रीबाबांचा हट्ट असा, की दोघांनाही उत्तरं आली तरच न्योमनचा बाप्तिस्मा आणि दोघांचं लग्न एका दमात लावणार. परीक्षा दोनदा झाली. दोन्ही वेळा ती पास, हा नापास. आणि तिचं पोट आता कमरेला गुंडाळलेल्या सारोंगमध्ये लपत नव्हतं.

"त्यांना लाकडातलं कळतं, मावशी. पाठांतर नाही जमत एकेकाला," न्योमन हळूच म्हणाली आणि थाळी परत वेसेलपुढे सरकवली.

"घाल पांघरूण! लग्नाआधीच सुरू झालीस."

वेसेल जेवून गोदीवर गेला. दोमिंगास भांडी आपटत राहिली.

"पंधरा दिवसांत हॉलंडला परतीची जहाजं सुटतील. इथल्या बाईशी लग्न लागलं, की ती जिवंत असेपर्यंत नवऱ्याला मायदेशी जाता येत नाही. डच कंपनीचा कायदाच आहे. तेव्हा एकदाचं उरकून घे बाई. बिनलग्नाच्या पोराला बापाचं नाव कोण देणार? तू की मी?"

न्योमनने उरलेला मासा झाकून ठेवला, रात्री वेसेलला लागेल म्हणून.

तिसऱ्या परीक्षेला चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आधी वेसेललाच उभं केलं. तोच प्रश्न, तेच अडखळणं. मागच्या बाकावर दोमिंगासने कपाळाला हात लावला. अगं आई गं, दगडालाही एव्हाना पाठ झालं असतं!

पाद्रीबाबांनी सुस्कारा सोडला आणि तोच प्रश्न न्योमनला विचारला. तिने सुरुवात केली. पण सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, पाय सुजले होते, वर उकाडा. अर्ध्यावर येऊन ती थांबली. ओठ हलले, शब्द येईना. ती भिंतीला धरून उभी राहिली.

तेव्हा वेसेलने पुढचा शब्द हलक्या आवाजात सांगितला. मग त्याच्या पुढचा. घसरणाऱ्याला हात द्यावा तसा, काही विचार न करता, तो शेवटपर्यंत म्हणत गेला. कुठेही न अडखळता.

म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले.

दोमिंगासच्या तोंडातला विडा तसाच राहिला. पंधरवडाभर तिने घसा कोरडा केला होता, कुणासाठी? मेल्याला सगळं येत होतं, नुसती जहाजं सुटायची वाट बघत होता! पाद्रीबाबा मात्र खूश झाले.

"वा! मग अडलं कुठे? येत्या रविवारी बाप्तिस्मा आणि चर्चमध्ये लग्नाची पहिली जाहीर घोषणा, दोन्ही करून टाकू. काय गं?"

न्योमनने भिंतीवरचा हात काढला. वेसेलकडे तिने एकदा पाहिलं.

"बाप्तिस्मा करा, पाद्रीबाबा."

"आणि लग्न?"

"लग्नाचं त्यांना विचारा. त्यांना सगळी उत्तरं येतात."

पाद्रीबाबा वेसेलकडे वळले. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. या वेळी तो सोंग करत नव्हता.