बंद लिफाफ्यातले प्रश्न

प्रश्नोत्तराचा तास संपला आणि मंत्र्यांच्या दालनात मुंगी शिरायला जागा उरली नाही. उपसचिव खुर्चीच्या कडेवर टेकलेले, कारकून दारात, त्यांच्या खांद्यांवरून शिपायांच्या माना. कोचावर मधोमध बाबा बसले होते, डोळे अर्धवट मिटून. स्थानिक संस्थांच्या मंत्र्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून बाबांनी सकाळी दिलेला, लाखेची मोहर लावलेला लिफाफा काढला, सगळ्यांदेखत फोडला आणि आतला कागद वाचायला घेतला.

"कचरा डेपोला आग लागली तेव्हा बंब किती वेळाने पोचला? विचारलं की नाही आज सभागृहात?"

"विचारलं, साहेब."

"मुख्याधिकाऱ्याची जागा किती महिने रिकामी आहे?"

"तेही विचारलं," उपसचिव म्हणाले आणि त्यांनी चक्क हात जोडले. हा माणूस परवापर्यंत प्रत्येक कागदावर 'पुरावा जोडावा' असा शेरा मारायचा.

असे पाच प्रश्न जुळले. लिफाफा तर सकाळपासून साहेबांच्या खिशात होता.

"आम्ही काही करत नाही," बाबा जड आवाजात म्हणाले. "उद्याचा दिवस स्वतः आमच्याकडे चालत येतो. तो बोलतो, आम्ही लिहून घेतो." इतकं बोलणारा तो उद्याचा दिवस बाबांची गाडी फाटकात बंद पडणार हे सांगायला मात्र विसरला होता. सकाळी ती चार शिपायांनी ढकलत आत आणली होती. पण ते आठवायची हौस कुणाला?

या मंत्र्यांना सभागृहाची धास्ती होती. मूळ प्रश्न आधी छापून येतो, त्याचं उत्तर लिहून नेता येतं. पण उत्तर दिलं की सभासद उठून उपप्रश्न विचारतात, आणि ते कुठेच छापलेले नसतात. म्हणून तर त्यांनी बाबांना धरलं होतं.

"उद्या त्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न आहे, बाबा," ते म्हणाले. "काय करू?"

"टाकीला हात लावू नका. शंभर वर्षं उभी राहील ती. टाकी रिकामी केलीत, तर तुमची खुर्ची रिकामी होईल."

बाबांच्या पायाशी बसलेल्या ठेकेदाराने मान डोलावली. टाकी त्यानेच बांधली होती.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कक्ष अधिकारी बाईंनी हे ऐकलं. ऑफिसात त्यांना सगळे टिपणताई म्हणायचे, कारण कुठले उपप्रश्न येतील याचा अंदाज बांधून त्यांचं टिपण त्याच तयार करत. टाकीच्या फायलीत अभियंत्याचा अहवाल होता: खांबांचं काँक्रीट गळून सळया उघड्या पडल्यात, टाकी ताबडतोब रिकामी करा. ताईंनी लिहिलेलं उत्तर साहेबांनी लाल शाईने खोडून वर लिहिलं होतं, 'टाकी सुस्थितीत आहे.' आणि त्या टाकीखाली शाळा होती. त्या शाळेत ताईंची धाकटी बहीण दुसरीचा वर्ग शिकवायची.

लिफाफ्यातला कागद हातोहात फिरत होता. जो तो कपाळाला लावत होता. ताईंनाही लावायचा होता, खोटं कशाला बोला. बाबांना खरंच पुढचं दिसत असेल, तर टाकी उभी राहणार होती, बहीण आणि तिची पोरं सुखरूप राहणार होती. यापेक्षा आणखी काय हवं होतं?

कागद हातात आला आणि त्यांची नजर त्यावरून फिरली. प्रश्न नऊ होते. साहेबांनी जुळलेले पाच तेवढे वाचले होते. आठवा प्रश्न होता, 'शहराच्या चौदा प्रभागांपैकी किती प्रभागांत दिवे नाहीत?'

त्या शहरात प्रभाग बाराच होते. चौदा प्रभाग शेजारच्या गावात. काल घाईत दोन फायलींची गल्लत करून 'चौदा' टाइप केलं होतं ते ताईंनीच. फायलीतली चूक त्यांनी आज सकाळी पेनाने दुरुस्त केली होती. न दुरुस्त केलेली एकच प्रत बाहेर गेली होती, काल संध्याकाळी पाच वाजता, साहेबांच्या खासगी सचिवाकडे.

त्यांनी उपसचिवांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं.

"बाई, गप्प बसा," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "बदली परवडली. पण बाबांचा कोप झाला तर? मला लेकरंबाळं आहेत."

ताई टेबलाशी येऊन बसतात तोच बहिणीचा फोन. "ताई, आज परत वरून टाकीचा ढलपा पडला. आमच्या वर्गाच्या पत्र्यावर. पोरं बाकांखाली शिरली, बाहेर यायलाच तयार नव्हती. रिकामी करायचा आदेश निघतोय ना गं उद्या?"

"निघेल," ताई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी टाकीच्या प्रश्नाचं टिपण टाइप केलं आणि पाच वाजता नेहमीसारखं खासगी सचिवाकडे पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दालन पुन्हा गच्च भरलं. बाबांनी नवा लिफाफा साहेबांच्या हाती दिला. साहेब तो खिशात घालणार, एवढ्यात ताई पुढे झाल्या.

"साहेब, यात काय आहे ते मी सांगते. सहावा प्रश्न: पालिकेच्या पोहण्याच्या तलावात मगर शिरली आहे, हे खरे आहे काय?"

बाबांचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले.

"ही बाई अपशकुनी आहे," ते म्हणाले. "वेळेआधी लिफाफा फोडला, तर फोडणाऱ्याच्या घरातलं माणूस जाईल."

साहेबांचा हात लिफाफ्यावर तसाच थिजला. उपसचिव दोन पावलं मागे सरकले. ताईंच्या डोळ्यांपुढे बहीण उभी राहिली. आपल्या घरातलं तेच तर एक माणूस होतं.

"मग मी फोडते," त्या म्हणाल्या. साहेबांच्या हातातून त्यांनी लिफाफा घेतला, टरकन फाडला आणि कागद परत दिला.

साहेबांनी सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. "मगर," ते पुटपुटले. "सहावा. मगर."

दारातला एक शिपाई फिस्सकन हसला.

"तलावात मगरबिगर काही नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "कालच्या टिपणात मीच घातली ती. हे सगळे प्रश्न माझ्या टिपणातले आहेत. मी सभासदांची जुनी भाषणं वाचते, त्यांच्या गावची वर्तमानपत्रं चाळते आणि नऊ प्रश्न लिहिते. पाच लागतात, चार हुकतात. तुम्ही फक्त लागलेले वाचत होता."

खासगी सचिवाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी बाबांना नुसता टिपणाचा फोटो पाठवायचो," तो म्हणाला. "नाही पाठवलास तर तुझी मुलगी जगणार नाही, असं बाबा म्हणाले होते. मी घाबरलो, साहेब."

ठेकेदार एव्हाना दाराबाहेर चपला शोधत होता. बाबांनी डोळे पुन्हा मिटून घेतले, पण आता कुणी तिकडे बघत नव्हतं.

अकरा वाजता साहेबांनी सभागृहात ताईंचं मूळ उत्तर वाचलं. टाकी आजच रिकामी होणार, शाळा हलवणार. मागच्या बाकावरच्या एक सभासद बाई उठल्या. "अहवाल येऊन तीन आठवडे झाले. इतके दिवस टाकी भरलेली का होती?"

हा प्रश्न ताईंच्या टिपणात नव्हता. साहेबांनी अधिकाऱ्यांच्या बाकाकडे पाहिलं. मग त्यांनी हातातला कागद मिटला.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "अभियंत्याचं ऐकायचं सोडून भलत्याच माणसाला विचारत बसलो."

सभागृहात एकच गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता.

दुपारी टाकीचं पाणी सोडलं. चौथ्या दिवशी तिचा एक खांब खचला आणि रिकामी टाकी दुसरीच्या वर्गावर कोसळली. पत्रा, बाकं, फळा, सगळ्याचा चुराडा झाला. पोरं तेव्हा अर्ध्या मैलावरच्या समाजमंदिरात पाढे म्हणत होती.

बहिणीने फोनवर हे सांगितलं तेव्हा ताई रडल्या. सुटलो म्हणून नाही, भीतीने. त्या दालनात सगळी शिकलेली माणसं होती. रोज कागदावर पुरावा मागणारी होती. आणि एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली? पण तुमच्या भीतीवर कुणी औषध घेऊन आला, तर त्याच्या पाया पडायच्या आधी एवढंच विचारा: बाबा, तुम्हाला हे कळलं कसं? आणि खरं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.