देव्हाऱ्यातली डबी

अंबरनाथला गाडीत हीटर असणं ही चेष्टेचीच गोष्ट होती. कारखान्यातला गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा चिंतामणीने त्याची गाडी घेतली, आणि पुढच्या सीटसमोर बसवलेला तो काळा गोल डबा पाहून झाडून सगळे ऑफिसर पोट धरधरून हसले. घामाने निथळणाऱ्या गावात गरम वारा विकत घेणारा हा पहिलाच म्हणे. चिंतामणीची आई, माई, मात्र हसल्या नव्हत्या. तो डबा पाहून त्यांनी मनातल्या मनात नाशिक गाठलं होतं.

नाशिकला त्यांचे थोरले भाऊ होते, विष्णुपंत. माईंना दमा. गार वारं लागलं की छातीचा भाता सुरू व्हायचा, म्हणून डॉक्टरांनी थंडीत घाट चढायला साफ मनाई केलेली. उन्हाळ्यात निघावं तर घरात कुणाचं ना कुणाचं काहीतरी निघायचंच. असं करता करता भावाची भेट वर्षानुवर्षं राहून गेली. आता पौषात विष्णुपंतांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, आणि त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. या खेपेला गेलो नाही तर दादा आपल्याला पाहायचाच नाही, हे माईंच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरांनी शेवटी हात टेकले आणि सांगितलं, गाडी आतून गरम राहत असेल तरच जा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चिंतामणीने हीटर लावून पाहिला. पंखा ऐटीत घरघरला आणि त्यातून गार वारा आला.

नाथाला बोलावणं गेलं. नाथा बदलापूरकडचा, घरची शेती भावांवर सोपवून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक. तो आला तेव्हा माई कानटोपी आणि शाल घेऊन गाडीत पुढेच बसल्या होत्या, अनवाणी पाय डब्याला लावून. सुनंदाने, त्यांच्या सुनेने, चार वेळा घरात चला म्हणून विनवलं. माईंचं म्हणणं एकच, वारा गरम झाला की नाही हे त्या पुरुषांच्या हातांवर सोडणार नाहीत, त्यांचे पाय ठरवतील.

नाथाने आधी पंखा पाहिला. तो ठणठणीत होता. मग इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे सोडणारी चावी पाहिली, तीही पूर्ण उघडी. चिंतामणीला वाटलं, नळीत गाळ साचला असणार. नाथाने दोन्ही नळ्या सोडवल्या, फुंकून पाहिल्या, पाणी धो धो वाहतंय हे दाखवलं आणि परत जोडल्या. गाडी शिवमंदिरापर्यंत फिरवून आणली. माईंनी पायांना विचारलं आणि मान हलवली.

चिंतामणी हताश झाला. येत नसल्याची नाशिकला तार करतो म्हणाला. माईंना एकदम रडू आलं, पण ते दाखवायचं कुणाला, म्हणून त्यांनी नाथालाच फैलावर घेतलं. त्या नळ्या हाताला कशा लागतात, नुसतं एवढं सांग म्हणाल्या. नाथाने हात लावला. दोन्ही कोमट होत्या, सारख्याच. गाडीतला पाण्याची उष्णता दाखवणारा काटाही तळाशीच पडून होता.

"म्हणजे पाणी येतंय, पण तापलेलंच नाही," माई म्हणाल्या. "अरे, बंबात एकीकडून गार पाणी ओतत राहिलं आणि चावी उघडीच ठेवली, तर खाली कितीही लाकडं घाल, न्हायला ऊन पाणी मिळेल का? तुमच्या या बंबाची चावी कुणी उघडी टाकली आहे?"

नाथाने डोक्यावरची टोपी काढली.

"मीच, माई. वैशाखात बदलापुराला मुंजीला जाताना गाडी उकळली व्हती ना, तवा पाणी तापेस्तोवर अडवून धरणारी पितळेची डबी मीच काढली. आमच्याकडं येईल त्या गाडीची काढतो आमी. हितं कुणाला पाणी तापवायचं हाय?"

चूक म्हणावी तर ती त्या अख्ख्या कॅम्पातल्या गॅरेजांची होती. उन्हाळा आला की तिथे डब्या भेंडीच्या देठांसारख्या काढून टाकत. चिंतामणीने कपाळावर हात मारला. असली विलायती डबी आता रातोरात कुठून आणायची?

माई मात्र गाडीतून उतरून तरातरा घरात गेल्या होत्या. पितळेची वस्तू त्यांनी आजवर टाकून दिलेली कुणी पाहिली नव्हती. गाडी उकळली त्या दिवशी नाथाने काढून अंगणात ठेवलेली डबी त्यांनी चिंचेने लख्ख घासली होती, आणि तिच्या भोकात उदबत्ती छान उभी राहते म्हणून ती थेट देव्हाऱ्यात गेली होती. वैशाखापासून बाळकृष्णासमोर रोज त्याच डबीत उदबत्ती जळत होती. माईंनी हात जोडले, उदबत्ती काढून तांदळाच्या वाटीत खोचली आणि राख फुंकून डबी बाहेर आणली.

डबी अजून चालते का ते पाहायला सुनंदाने अंगणात स्टोव्ह पेटवला. पातेल्यात पाणी आणि पाण्यात दोऱ्याने टांगलेली डबी, चौघंही वाकून पाहत उभी. पाणी तापलं, वाफ धरली, आणि डबीची झडप अलगद उघडली. बाहेर काढताच ती मिटली. नाथाने ती बसवली, कापलेल्या पुठ्ठ्याचं वॉशर घातलं आणि गाडी पुन्हा मंदिरापर्यंत नेली. काटा वर चढू लागला. येताना माईंनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. मग शाल खाली सरकवली आणि कानटोपी काढून सुनंदाच्या हातात दिली.

"तार करू नकोस," त्या चिंतामणीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कसाऱ्याचा घाट धुक्यात बुडाला होता. बैलगाडीवाले घोंगडीत मुटकुळं करून बसले होते, आणि माई काच बंद करून, पाय पसरून, सगळ्या घाटभर भूपाळ्या म्हणत होत्या. छाती एकदाही भरून आली नाही. अंबरनाथच्या ऑफिसरांना ही गाडी आता दाखवायला हवी होती, असं त्यांना फार वाटलं.

नाशिकला विष्णुपंत ओटीवरच बसले होते, दोन शालींत गुरफटलेले. गाडीचा आवाज ऐकून काठी टेकत खाली आले आणि गाडीच्या दाराशी वाकून डोळे बारीक करून पाहू लागले. माईंनी काच खाली करून त्यांचे हात धरले.

"वेणू, तूच ना गं?" ते म्हणाले. त्यांचे हात बर्फासारखे गार पडले होते.

माईंना नमस्काराचंही सुचलं नाही. त्यांनी आतून दार उघडलं आणि त्या स्वतः बाजूला सरकल्या.

"मीच. दादा, आधी आत बस," त्या म्हणाल्या. "पाय इथे डब्याला लाव. आणि चिंतू, गाडी बंद करू नकोस."