पुसलेले चौसष्ट भाग

टेलिव्हिजन कंपनीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने विल्फ्रेड ट्रँटरला पाहिलं आणि खुर्चीतूनच हाक मारली, "काय सेड्रिक, माझा शर्ट धुऊन झाला का?"

"इस्त्रीला गेलाय," विल्फ्रेडने सवयीने उत्तर दिलं.

मालिका बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी लोक विचारायचेच. यॉर्कशरमधल्या एका गल्लीत लाँड्री चालवणारे भाऊ-बहीण, सेड्रिक आणि डोरा. साठच्या दशकातली आठ वर्षं, दर वर्षी आठ शुक्रवारी संध्याकाळी अर्धा देश त्यांच्याकडे बघून हसला होता. त्याआधी आणि त्यानंतर विल्फ्रेडने चौदा सिनेमे केले. कुठे दार उघडणारा नोकर, कुठे शिट्टी वाजवणारा पोलीस. पण ओळख म्हणाल तर सेड्रिकचीच.

डोरा झालेली एनिड रशवर्थ आदल्या बुधवारी गेली. बसची वाट बघत उभी होती, तिथेच कोसळली. तिची मुलगी हिलरी फोनवर म्हणाली होती, "विल्फकाका, आईला रडकी सभा नको होती. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पडद्यावर तिचाच एखादा भाग दाखवू. कंपनीत तुमचा शब्द चालतो. आणाल?"

"त्यात काय विचारायचं पोरी," असं म्हणून तो आज आला होता.

तळघरातल्या दप्तरखान्यात मिस ऑकडेन नावाच्या बाई बसत. त्यांनी कार्डांचा खण ओढला, कार्डं पुढेमागे केली आणि चष्मा काढला.

"मिस्टर ट्रँटर, नाहीये."

"कुठला नाहीये? मला कुठलाही चालेल. पाद्रीबुवांच्या झग्याचा असेल तर उत्तमच."

"एकही नाहीये. सगळे पुसले."

विल्फ्रेड हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करताहेत. बाई हसल्या नाहीत.

"टेप महाग असायच्या हो. एक कार्यक्रम पुसायचा आणि त्यावर दुसरा भरायचा. तुमच्या टेपांवर बहुतेक फुटबॉलचे सामने गेले. नंतर तेही पुसले."

"चौसष्ट भाग होते," विल्फ्रेड म्हणाला. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. त्याने टेबलाची कड धरली. "एनिडला यासाठी बक्षीस मिळालं होतं. तिने दुसरं काही केलंच नाही हो! सिनेमा नाही, काही नाही. आयुष्यभराचं एवढंच होतं तिचं."

बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्याचं समाधान व्हावं म्हणून एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. पुसण्यापूर्वी कारण लिहावं लागे. कारण एका ओळीचं होतं: कलाकारांशी झालेल्या करारानुसार पुन्हा दाखवण्याची मुदत संपली, जपून ठेवण्याचा उपयोग नाही.

विल्फ्रेडने ती ओळ दोनदा वाचली आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्या करारासाठी भांडला होता तो स्वतः. कलाकारांच्या समितीत टेबलावर मूठ आपटून त्याने विचारलं होतं, जुनेच भाग फिरवत बसलात तर नव्या पोरांनी खायचं काय? एकदाच पुन्हा दाखवा, दोन वर्षांच्या आत. पुढे नाही. टाळ्या पडल्या होत्या. बाहेर आल्यावर एनिड म्हणाली होती, "तू बोललास छान, विल्फ. पण मला बाई परत परत दिसायला आवडलं असतं." तो तिला हसला होता.

शनिवारपर्यंत त्याने हिलरीला फोन केला नाही. धीरच झाला नाही. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली, पडदा टांगून झाला, सँडविचेस मांडली गेली, तेव्हा कोपऱ्यात नेऊन त्याने तिला सगळं सांगितलं. कराराचंही.

हिलरीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे तुम्ही?"

"मला वाटलं, भलं करतोय."

"आई हलताना, बोलताना मला आता कधीच दिसणार नाही? एवढीशीसुद्धा नाही?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी लोकांसमोर करून दाखवतो," तो घाईने म्हणाला. "झग्याचा प्रवेश. मला पाठ आहे."

तो पुढे जाऊन उभा राहिला. पहिलं वाक्य खणखणीत आलं: "डोरा, पाद्रीबुवा आलेत. म्हणतात, लाँड्रीत त्यांचा झगा आखूड झाला!"

आणि पुढे काहीच नाही. एनिड काय म्हणायची ते त्याला आठवेना. आठ वर्षं शेजारी उभं राहून त्याने फक्त आपली पाळी कधी येते तेवढंच ऐकलं होतं. हा दुसरा धक्का पहिल्याहून मोठा होता. समोरची माणसं चुळबुळू लागली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"झग्याला काही झालेलं नाही," मागून आवाज आला. "पाद्रीबुवाच देवाच्या जास्त जवळ गेलेत."

हिलरी होती. लहानपणी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिने आईकडून डोराची वाक्यं पाठ करून घेतलेली होती. तीच ती, नाकातून काढलेली, थंड, यॉर्कशरची बोली.

"इतक्या लवकर?" विल्फ्रेड म्हणाला. वाक्य लिहिलेलंच होतं, पण या वेळी तो ते हिलरीकडे वळून म्हणाला.

हॉलमध्ये हशा पिकला, मग एक म्हातारी हुंदके देऊ लागली, आणि तिला बघून पुन्हा लोक हसले. दोघांनी अख्खा प्रवेश केला. तो अडला की ती सांगायची.

संपल्यावर लोक त्याचे हात हातात घेऊ लागले. हिलरी सँडविचच्या ताटल्या गोळा करत होती. तो तिच्याजवळ गेला.

"काका, मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका हं," ती वर न बघता म्हणाली.

"नाही समजत."

"गुरुवारी चहाला या. वही घेऊन या. मला जेवढं आठवतंय तेवढं उतरवून घ्या."

तो गेला. पुढे दोन हिवाळे जात राहिला. चौसष्टांपैकी एकोणीस भागांतली डोराची वाक्यं त्यांनी कागदावर आणली. बाकीची कोणालाच आठवली नाहीत.